पूर्णेचा ठाव

हिंगोलीच्या बाजारात शिंगाळा मिळतो आणि मालवणच्या बंदरावरही शिंगाळा मिळतो. मासा मात्र एकच नव्हे. मालवणचा शिंगाळा खाऱ्या पाण्यातला, जाड डोक्याचा. हिंगोलीचा गोड्या पाण्यातला, लांबसडक, आणि लांब मिशांचा. वामेचंही तसंच. समुद्रातली वाम चिखलात दडून बसणारी, मनगटाएवढी जाड. नदीतली वाम तिच्याहून बारीक, पाठीवर काट्यांची करवत घेऊन दगडांच्या फटीत राहणारी. समुद्र कधीही न पाहिलेल्या भोयांनी आणि नदीशी फारसा संबंध न आलेल्या गाबितांनी एकमेकांना न विचारता माशांची नावं जुळवून ठेवली आहेत. शिंगाळा असो की वाम, दोन्ही पाण्यांत ते तळाशी राहतात, म्हणून बहुधा.

तळाच्या मासेमारीचा शौक हल्ली पर्यटनात आला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पहाटे होडी निघते, सहा-आठ अनोळखी माणसं भाडं वाटून घेतात, दिवसभर समुद्रात राहतात. मराठवाड्यातल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. सीट भरल्याशिवाय न हलणारी काळी-पिवळी त्याने जन्मभर पाहिलेली असते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर अशा बोटीला ‘हेड बोट’ म्हणतात, कारण तिथेही भाडं डोक्यागणिक. होडी खडपावर नांगर टाकते. दोरीला शिसं, शिशाच्या वर गरी, गरीला कोळंबी किंवा माकुलाचा तुकडा. शिसं सुटतं, दोरी बोटांवरून सरसरत जाते आणि एकाएकी सैल पडते. तळ आला. मग हातभर दोरी वर ओढून घ्यायची आणि वाट पाहायची. तांबोशी किंवा गोब्रा लागला तर दोरी खालच्या बाजूला झटका देते, कारण तळाचा मासा आमिष घेऊन कपारीकडे पळतो.

हिंगोलीहून हा समुद्र पाचशेहून जास्त किलोमीटर दूर आहे. दोरी सैल पडण्याचा तो क्षण मात्र इथल्या नद्यांवर फार जुना आहे, आणि त्याला मराठीत एक नेमका शब्द आहे: ठाव. पाय टेकेल तो तळ म्हणजे ठाव. माणसाच्या मनाचा ठाव लागत नाही असं आपण म्हणतो, ते मुळात डोहाचं बोलणं. ज्याला पाण्याचा ठाव माहीत, त्याला मासा कुठे बसतो तेही माहीत.

हिंगोली जिल्हा कागदावर १ मे १९९९चा. परभणीतून तो वेगळा निघाला. पाण्याची मांडणी त्याहून सोपी आहे: उत्तरेच्या अंगाला पैनगंगा, दक्षिणेला पूर्णा आणि मधून कयाधू. ही पूर्णा म्हणजे विदर्भातून तापीकडे जाणारी पूर्णा नव्हे. दोघींच्या नावाने भल्याभल्यांची गफलत होते. ही अजिंठ्याच्या डोंगरात उगवून गोदावरीला मिळणारी. कयाधू नर्सी नामदेवच्या कडेने येते, हिंगोलीवरून पुढे जाते आणि पैनगंगेत शिरते. पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत. म्हणजे पाण्याच्या वाटेने पाहिलं तर हिंगोलीचा समुद्र अरबी नाहीच. तो बंगालचा उपसागर आहे.

या नद्यांवरचा माणूस म्हणजे भोई. भोयाचं नाव घेतलं की आधी पालखी आठवते, आणि ते चूकही नाही. खांद्यावर पालखी किंवा मेणा वाहणं हा त्याचा एक धंदा, पावसाळ्यात माणसं पलीकडे उतरवणं हा दुसरा आणि मासे हा तिसरा. प्रवाशाला ‘उतारू’ म्हणतात, तो शब्द अशाच नदीच्या उतारावरून आला आहे. नाव नसेल तिथे सांगड असायची, वाळलेले भोपळे किंवा पोकळ ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. आज सभेत वक्ते परंपरा आणि आधुनिकता यांची ‘सांगड घालतात’, तेव्हा त्या भोपळ्यांची कुणाला आठवण होत नाही. हिंगोली तेव्हा हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली आणि छावणीचं महत्त्व ओसरलं. रस्ते झाले, रेल्वे आली, पुढे पूल बांधले गेले. पालखी गेली, उतारही गेला. भोयाच्या हातात उरला तो मासा.

तो मासा धरायची खरी वेळ उन्हाळ्याची. या भागातल्या नद्या होळीनंतर तुटतात. धार बंद होते, वाळू उघडी पडते आणि पाणी फक्त डोहांत राहतं. प्रत्येक डोहाला नाव असायचं. कुठल्या डोहात खडक आहे, कुठे चिखल, कुठे बाभळीचं खोड अडकून पडलं आहे, हे काठावरच्या घरांना पाठ असायचं. फेकजाळं उघड्या पाण्यात चालतं, खडकाळ तळावर ते फाटतं. तिथे गळ लागतो. बांबूची काठी, सुताची दोरी, तरंगायला कोरड्या धाटाचा तुकडा, आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. वामेसाठी गळ दगडाच्या फटीशी सोडायचा. ती आमिष आधी चोखत राहते, ओढत नाही. घाई केली की रिकामा गळ वर येतो. शिंगाळा उलटा, रात्रीचा गिऱ्हाईक, एकदम गिळून निघून जाणारा. शिंगाळ्याच्या जातीतल्या माशाला गळावरून सोडवणं ही वेगळी विद्या. छातीच्या परांजवळचे दोन काटे आणि पाठीवरचा एक, हे तिन्ही उभे करून तो कुलूप लावल्यासारखे ताठ ठेवतो. अंगठा चुकला की हात दोन दिवस ठणकतो. घोगरा नावाचा मासा तर पाण्याबाहेर काढला की काटा घासून आवाजही करतो. नाव त्याला उगीच पडलेलं नाही.

मे महिन्यात डोह आटत आला की एकट्याचा गळ बाजूला ठेवून सगळे मिळून डोह ओढायचे. दोन्ही काठांना जाळ्याची टोकं, मध्ये छातीभर पाण्यात माणसं, पाणी बडवत मासे एका कडेला नेणारी पोरं. मग वाळूवर वाटे. भागीदारीचा दिवस तो असा.

याच दख्खनमध्ये गळाचा दुसरा एक इतिहास संस्कृतात लिहिलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे, आणि राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्यायही आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय खाऊ घालावं, वनस्पतींच्या धाग्यांची दोरी कशी करावी, काठी कशी असावी, हे सगळं राजा नीट सांगतो. मासे धरायच्या आधी काही दिवस ठरल्या जागी पिठाचे गोळे टाकून त्यांना तिथे यायची सवय लावावी, हेही सांगतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर लेख लिहून त्यातले मासे आजच्या नावांशी जुळवण्याचा प्रयत्न केला. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या वेशीवरचं. कणकेची गोळी घेऊन डोहावर बसलेल्या भोयाला हा ग्रंथ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. राजाला ही माहिती कुठून मिळाली असेल, हे मात्र सांगायला नको.

सातशे वर्षांनी आणखी एका माणसाने तीच माहिती गोळा केली. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साईक्स मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ ते १८३१ या काळात दख्खनमध्ये फिरला. शेती, लोकसंख्या, पक्षी, प्राणी, सगळ्यांच्या नोंदी त्याने केल्या आणि दख्खनच्या माशांवर लिहिलेला त्याचा निबंध १८४१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने छापला. चाळीसहून जास्त जाती त्यात आहेत. साईक्सने एक मजेदार गोष्ट केली. नव्या माशाला लॅटिन नाव देताना त्याने बऱ्याच ठिकाणी कोळ्या-भोयांनी सांगितलेला मराठी शब्दच उचलून लॅटिनच्या शेपटीला लावला. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रीय याद्यांत शिंगाळा ‘स्पेराटा सिंघाला’ आहे, घोगरा ‘रिटा गोगरा’ आहे, दगडाला चिकटून राहणारा मळ्या ‘गारा मुल्या’ आहे आणि नाकावर गाठ असलेला नुक्ता ‘नुक्ता’च आहे. वामेचं नाव मात्र हुकलं, तिला साईक्सच्या आधीच कुणीतरी लॅटिनमध्ये ‘आर्माटस’, म्हणजे शस्त्रधारी, करून ठेवलं होतं. साईक्सचा मुलूख कंपनी सरकारचा, पूर्णा आणि कयाधू निजामाच्या राज्यातल्या. पण भीमा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतले हे मासे बरेचसे एकच. नावं ज्यांनी सांगितली त्या माणसांची नावं निबंधात नाहीत. त्यांचे शब्द तेवढे राहिले.

साईक्सच्या यादीत एक मासा असा आहे की ज्याच्यामुळे हिंगोलीचा खरोखरच खाऱ्या पाण्याशी संबंध येतो. अहिर. सापासारखी लांब, बुळबुळीत, गोड्या पाण्यातली ईल. साईक्सने तिला मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं नाव दिलं होतं. ते टिकलं नाही, आज ती ‘बेंगालेन्सिस’ म्हणून ओळखली जाते. अहिर जन्मते खोल समुद्रात. काचेसारखी पारदर्शक पिल्लं नदीच्या मुखातून आत शिरतात, प्रवाहाच्या उलट वर चढत जातात, वर्षानुवर्षं डोहांच्या तळाशी राहून मोठी होतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघतात. गोदावरी खोऱ्यातल्या अहिरीचा समुद्र बंगालचा. नांदेडवरून, पुढे तेलंगणातून, राजमहेंद्रीखालून ती वाट जाते. शेकडो किलोमीटर चढून आलेला मासा डोहाच्या एकाच कपारीत मुक्काम ठोकून बसतो, ही गोष्ट काठावरच्या कुणी पाहिली असती तर तिची दंतकथा झाली असती.

ती वाट टप्प्याटप्प्याने बंद झाली. १८५२ मध्ये आर्थर कॉटनने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम्‌चा बंधारा पुरा केला. पुढे तेलंगणात पोचमपाडला श्रीरामसागर झाला, नांदेडला विष्णुपुरी झाला. आणि पूर्णेवर १९६८ मध्ये येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणं पुरी झाली.

येलदरीची भिंत परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, पण पाण्याचा फुगवटा सेनगावच्या शिवारापर्यंत. ५१ मीटर उंचीची मातीची भिंत, पायथ्याला साडेसात मेगावॅटचे तीन वीजसंच. वीज करून सुटलेलं पाणी खाली औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरमध्ये जमा होतं आणि तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडे जातं. १९८२ मध्ये पैनगंगेवर कळमनुरी आणि पुसदच्या मध्ये इसापूरचं धरण झालं, ते या दोन्हींहून मोठं. शेतीचा इतिहास लिहिणारे या तारखांपाशी थांबून ऊस, हळद आणि केळीकडे वळतात. वसमतच्या हळदीचं नाव झालं ते याच पाण्यावर, हेही खरं. पण पाण्याखाली काय झालं, ते भोयांना आधी कळलं.

त्यांचे डोह बुडाले. म्हणजे पाणी कमी नव्हे, अफाट वाढलं. ज्या डोहाचा दगडन्‌दगड पाठ होता तो आता चाळीस-पन्नास हात पाण्याखाली गेला. त्याच्याभोवती शेतं, विहिरी, गावांच्या भिंती आणि न तोडलेली झाडंही तिथेच. बांबूची काठी तिथे पोचत नाही. जाळं टाकलं तर कुठल्याशा बाभळीत किंवा वाड्याच्या कोपऱ्यात अडकून राहतं. वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे साचलेल्या पाण्यात कमी होत गेले. पिढ्यांचा ठाव एका पावसाळ्यात निरुपयोगी झाला.

नवे मासे सरकारने आणले, आणि तेही मुळात इथले नव्हते. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांची पिल्लं एके काळी बंगाल-बिहारच्या नद्यांतून पकडून मातीच्या मडक्यांत घालून रेल्वेने पाठवत. बरोबरचा माणूस रात्रभर मडकी हलवत बसे, पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून. हे काम बदललं ते १० जुलै १९५७ रोजी. त्या दिवशी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशाकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. आता मत्स्यबीज कुठेही तयार करता येऊ लागलं. देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो यासाठीच. येलदरी-सिद्धेश्वरसारखी धरणं बांधून होत होती तेव्हा त्यांत सोडायला मासा तयार होता, हा योगायोग मोठा. तिन्ही माशांची तीन मजल्यांची वाटणीही सोयीची: कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. जुन्या तळकऱ्यांच्या घरात आता मृगळ राहायला आला. तिलापिया तर १९५२ मध्येच आफ्रिकेतून भारतात आला होता. उथळ तळावर खळगी करून तो अंडी घालतो, आणि पिल्लं तोंडात घेऊन वाढवतो, त्यामुळे एकदा शिरला की निघत नाही.

माणसांची वाटणीही बदलली. डोहावर हक्क सांगायचा तर काठावर घर असणं पुरत असे. धरणाचं पाणी सरकारचं. ते ठेक्याने घ्यावं लागतं, ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो, संस्थेचं सभासदत्व लागतं, बीज सोडल्याची नोंद लागते. भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या ‘ब’ यादीत आहे. ज्या माणसाचं सगळं आयुष्य नदीच्या दोन वळणांमध्ये गेलं त्याला भटका म्हणणारी यादी, हा विनोद सरकारी आहे. पण संस्थेमुळे एक गोष्ट झाली. एकट्या भोयाला पाचशे हेक्टरांचं पाणी कधीच परवडलं नसतं. सगळ्यांनी मिळून ते घेतलं.

धरणावरचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. दोन माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून निघतात. थर्माकोलचे जाड ठोकळे पोत्यात शिवून दोरीने आवळलेले, वल्ह्याऐवजी दोन्ही हातांत फळीचे तुकडे. लाकडी होडीला पैसे लागतात, हा तराफा एक माणूस डोक्यावर घेऊन घरी जाऊ शकतो. सांगडीतले भोपळे गेले आणि थर्माकोल आला, एवढाच फरक. तंगुसाचं जाळं पाण्यात आडवं उभं केलं जातं, वर प्लॅस्टिकच्या बाटल्या, खाली वजनं. पहाटे पुन्हा जाऊन ते हातभर-हातभर वर घ्यायचं. कटला कल्ल्यांशी अडकलेला असतो, मोठं डोकं, पांढरं पोट. जाळ्यातून मासा सोडवताना तंगूस तुटू नये म्हणून बोटं अशी चालतात जशी गुंतलेल्या वेणीतून. काठावर संस्थेचा काटा. वजन वहीत चढतं, किलोमागे ठरलेली मजुरी सभासदाला, मासा बर्फात आणि बर्फाची पेटी टेम्पोत.

मालवणच्या रापणीशी याची तुलना करून पाहावी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं, पन्नास-पन्नास माणसं दोरीला. तिथे मासळीचे वाटे पडतात तेव्हा माणसाचा एक वाटा असतो, आणि होडीचा वाटा, जाळ्याचा वाटाही असतो. ओढणारा भागीदार असतो. धरणावरच्या सभासदाला कागदावर भागीदार म्हणतात, पण काट्यावर तो मजूर असतो. शंभर किलो निघोत की दहा, त्याचा दर तोच. पाऊस न पडल्यास बीज जातं, ठेक्याची रक्कम मात्र संस्थेच्या नावावर राहते. संस्थेने पाणी पुढे एखाद्या व्यापाऱ्याला वापरायला दिलं की सभासद आपल्याच धरणावर रोजाने राबतो, हे गाऱ्हाणं मराठवाड्याच्या तलावांवर नवं नाही. डोह ओढून झाल्यावर वाळूवर पडणारे वाटे यापेक्षा न्यायाचे होते, असं म्हणायला हरकत नाही. तेव्हा मासे थोडे होते, हेही विसरू नये.

गेल्या काही वर्षांत राज्यातल्या मोठ्या जलाशयांवर पिंजरे तरंगू लागले आहेत. जाळीच्या चौकोनात पंगस किंवा गिफ्ट तिलापिया वाढवायचा, पोत्यातलं खाद्य द्यायचं, वजन झालं की काढायचा. त्याला धरणाचा तळ कसा आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. पिंजऱ्याखाली ऐंशी फूट पाणी असो की वीस.

तळ पुन्हा दिसतो तो दुष्काळात. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातली मोठमोठी धरणं मृतसाठ्यावर आली. अशा वर्षी फुगवट्याच्या कडेला चिखलाला भेगा पडतात, मग बांध दिसू लागतात, बाभळींचे काळे बुंधे, विहिरीचं तोंड. पाणी मागे सरकत सरकत शेवटी जुन्या पात्रात जाऊन थांबतं. कटला-रोहू तेव्हा सहज हाताला येतो, जाळं टाकायचीही गरज नसते, भाव मात्र पडलेला असतो. आणि ज्या वळणावर पूर्वी डोह होता त्या वळणावर काठी आणि गांडुळांचा डबा घेऊन एखादा म्हातारा येऊन बसतो. कुणी सांगितलं नसतं तरी त्याला जागा माहीत असते. तिथे शिसं टाकलं की दोरी बरोबर तेवढीच जाते, जेवढी त्याच्या बापाची जायची.

संध्याकाळी काट्यावर कटल्याची क्रेट मोजून होते. त्या म्हाताऱ्याच्या पिशवीत दोन वामा आणि एक शिंगाळा. त्यांना संस्थेच्या वहीत रकाना नाही. तो ते घरी घेऊन जातो.